पाळीवरची पिवळी गाडी

५ जानेवारी २०२५, रविवार. फुलचूर

कंपन्यांकडून दुकानात फुकट आलेल्या डायऱ्या आमच्या घरी दरवर्षी दुधाच्या आणि धोब्याच्या नोंदींत वाया जातात. यंदा चंदा म्हणाली, "एखादी तरी नीट लिहा." म्हणून बसलो. कारणही तसंच आहे. आम्ही मित्र आमच्या जुन्या स्पोर्ट्स गाड्या घेऊन गोंदियाहून थेट समुद्रापर्यंत जाणार आणि परत येणार. असं याआधी कोणी केलं असेल तर मला ठाऊक नाही, आणि केलं असलं तरी त्यांनी लिहून ठेवलेलं नाही.

गाड्यांची ओळख आधी. माझी लाल एमजी, पक्क्या छताची, दोन दारं आणि दोनच माणसं. नागपूरहून आणली तेव्हा चंदाने अबोला धरला होता. आता मैत्रिणी आल्या की तीच पुढच्या सीटवर बसून फोटो काढून घेते. दुसरी गजेंद्र बिसेनची पांढरी ट्रायम्फ. गजेंद्रची राईस मिल आहे. गाडीपेक्षा तिच्यासोबत घालायच्या टोपीवर त्याचा जीव जास्त. बायको त्याच्या गाडीत बसत नाही, केस उडतात म्हणते, त्यामुळे तो एकटाच येणार.

तिसरी रत्नपाल रामटेकेची हेराल्ड. पिवळीधमक, कापडी छताची. रेल्वेच्या एका जुन्या बंगल्यामागे पडली होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालायच्या. ड्यूटीवरून आला की अंघोळ करायच्या आधी रत्नपाल तिच्याखाली शिरायचा. अशी कित्येक वर्षं घालवून त्याने ती उभी केली. रत्नपाल लोको पायलट आहे. मालगाडी, मग पॅसेंजर, मग एक्स्प्रेस. आमच्यात खरा गाडी चालवणारा तोच, मी आणि गजेंद्र नुसते मालक.

दिवाळीपासून मात्र त्याने इंजिन सोडलंय. ऑफिसात बसतो. "प्रमोशन का रे?" विचारलं तर म्हणाला, "तसंच समज." पेढे काही दिले नाहीत.

देवरी, रायपूर, संबलपूर, पुरी. परतताना शेवटचा टप्पा आमच्या गावी, अर्जुनी मोरगावजवळ. आम्ही कोहळी, पिढ्यानपिढ्या तलाव बांधणारी जात. आमच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, तिन्ही गाड्या ओळीने जातील, समोर मावळता सूर्य, आणि पाळीच्या टोकाला माझा थोरला भाऊ परसरामदादा गाव जमवून हार घेऊन उभा. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर गेली दोन वर्षं आहे. कप्तान अर्थातच मी.

८ जानेवारी

रत्नपालकडे नकाशा घेऊन गेलो होतो. डाव्या बाजूने पुढे केला तर घेईचना. माझा हात तसाच लोंबकळत. शेवटी त्याच्या बायकोने, रचनावहिनीने, तो माझ्या हातातून घेतला आणि त्याच्या तोंडासमोर धरला, तेव्हा साहेबांनी पाहिला. खुर्चीवर बसायला लागलं की माणूस असा होतो, हे मी दुकानात येणाऱ्या अधिकाऱ्यांवरून जाणतो. पण रत्नपालने माझ्याशी असं करावं? आम्ही एका बाकावर बसून शिकलो.

मग कोपराने चहाचा ग्लास उडवला. सगळा चहा माझ्या पँटवर. वहिनी म्हणाल्या, "माझंच चुकलं, भाऊजी. बाजूले ठेवला मीनं."

ग्लास बाजूला नाही ठेवायचा तर कुठे ठेवायचा?

त्याच्या अटीही ऐकण्यासारख्या. सूर्य मावळला की गाडी बंद. "जिंदगीभर नाइट केली, आता नाई करत." दुसरं, त्याची गाडी कायम मधे, पुढे माझी लाल. तिसरं, रचना शेजारी असल्याशिवाय तो एक मैलही जाणार नाही.

मी म्हटलं, "एवढं लग्न झाल्या-झाल्या नव्हतं रे!"

तो हसला. वहिनी हसल्या नाहीत. मी कप्तान म्हणून तिन्ही अटी मान्य केल्या, पण मनातून आवडलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

चाचणी झाली. गोंदियाहून नवेगावबांध, अर्जुनी, प्रतापगड आणि परत. गाड्या उत्तम. प्रतापगडच्या पायथ्याशी दर्ग्याला आलेली माणसं आमच्याभोवती अशी जमली की गजेंद्रने टोपी काढून काढून सलाम घेतले.

आज रत्नपालच्या गाडीतलं गुपित कळलं. रचनावहिनी सारखं काही ना काही ओरडत होत्या आणि तो तेच पुन्हा म्हणत होता. रेल्वेच्या इंजिनात म्हणे असंच असतं. सहायक सिग्नल पाहून मोठ्याने पुकारतो, पायलट हात करून तोच परत म्हणतो, म्हणजे चूक होत नाही. या दोघांनी तो खेळ मोटारीत आणलाय. रस्ता मोकळा असला की वहिनी म्हणतात, "हिरवा!" तो म्हणतो, "हिरवा." गुरं, सायकल, वळण असं काही दिसलं की "पिवळा! डावीकडून बैल!" आणि थांबायचं असलं की "लाल!"

गजेंद्र हसून हसून बेजार. "अरे यार, ये तो पूरी राजधानी एक्स्प्रेस चल रही है!"

चंदाला मात्र फार गोड वाटलं. वाटेत तीही मला "हिरवा, पिवळा" करू लागली. मी म्हटलं, बाई, मला डोळे आहेत.

आमच्या पाळीवरूनही गेलो, तालीम म्हणून. पाळ अरुंद आहे, एक ट्रॅक्टर जेमतेम जातो. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला खाली धानाच्या बांध्या. मधे पाणी सोडायचं तुडूम आहे, तिथे पाळ एकदम उजवीकडे वळते. आजोबा सांगायचे, तिथे खाली खडक लागला नाही म्हणून आपल्या म्हाताऱ्यांनी पाळच वाकवली. रत्नपालने पाळीच्या तोंडाशी गाडी थांबवली आणि उतरून ती आधी पायी चालून आला. टाच टेकवत, मोजल्यासारखा. मग वहिनींना घेऊन पुरी पाळ बैलगाडीच्या चालीने पार केली. वहिनींचा आवाज पाण्यावरून मला टोकापर्यंत ऐकू येत होता. "सरळ. सरळ. तुडूम आलं, पिवळा. उजवीकडे. अजून. अजून. हिरवा."

दादा विचारत होता, "ह्या बाई काऊन भांडून राहिल्या?"

एक्स्प्रेस चालवणारा माणूस माझ्या पाळीला भ्यायला, याचं मला थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

१५ जानेवारी

गजेंद्र दुकानात आला होता. शटरकडे पाहून हळूच म्हणाला, "रत्नपाल पीने लगा है क्या?"

त्याने संध्याकाळी स्टेशनच्या जिन्यावर त्याला पाहिलं. कठडा धरून, पाय चाचपत उतरत होता. समोरून गजेंद्रने हात केला तर ओळख नाही दाखवली. एका हमालाला धडकला आणि त्याचीच माफी मागत राहिला.

ऐकल्यावर सगळं जुळलं. सांडलेला चहा, पाळीवरची भीती, ऑफिसातली बदली. इंजिनावर पिऊन सापडला असणार, म्हणून खाली बसवलं. पेढे कुठून देणार? सूर्य मावळल्यावर गाडी का नको, तेही आता समजलं. संध्याकाळ ही पिणाऱ्याची वेळ.

मला फार वाईट वाटलं. त्याच्या बापाने गँगमनची नोकरी केली, आंबेडकर जयंतीला त्याच्या घरी जेवून मी मोठा झालो, आणि त्या घरात बाटली.

चंदा म्हणाली, "तुम्ही सरळ विचारा ना त्यांना."

असं विचारता येतं का? मी म्हटलं, प्रवासात पाहू.

१९ जानेवारी, रविवार. रायपूर

निघालो एकदाचे! फुलचूर नाक्यावर नारळ फोडला. देवरीला नाश्ता, मग मोठा हायवे आणि छत्तीसगड. माझी लाल, मधे पिवळी, मागे पांढरी. ट्रकवाले हॉर्न वाजवून दाद देत होते. माझं ऊर भरून आलं होतं.

मी वेग वाढवला की रत्नपाल लगेच फोन करायला लावतो. वहिनींचा आवाज येतो, "भाऊजी, पुढं नका जाऊ जी, तुमची लाल गाडी दिसत राहू द्या." एमजी काय चाळीसच्या वेगाने चालवायला घेतली मी?

ऊन कलायच्या आतच लॉज गाठला. रात्रीच्या जेवणाला तो खाली आलाच नाही. वहिनी ताट वर घेऊन गेल्या. गजेंद्रने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या.

२२ जानेवारी. पुरी

समुद्र पाहिला. मी पन्नाशीला आलो तरी पाहिला नव्हता. आमच्याकडे पाणी म्हणजे तलाव, पलीकडचा काठ दिसतो, तिथलं माणूस ओळखू येतं. इथे पलीकडे काहीच नाही. चंदा माझा हात सोडत नव्हती.

रत्नपाल वाळूत बसला तो उठेना. मान हळूहळू डावीकडून उजवीकडे न्यायचा, मग परत. मी जवळ जाऊन बसलो. म्हटलं, काय शोधतोस?

"मोठा आहे म्हणतेत ना. मले थोडा थोडा पाहा लागते," तो म्हणाला. "पुरा जमवून राहिलो."

मी वास घेतला. समुद्राचाच वास येत होता, दुसरं काही कळलं नाही.

थोड्या वेळाने म्हणतो, "गोवर्धन, तू समोर राहतो म्हणून मी इथवर आलो लेका. घरी गेल्यावर तुले एक सांगाचं आहे."

"आत्ताच सांग की."

"आता नाई. तू कप्तान आहे, आता सांगतलं तं तू गाडीची चाबी काढून घेशील."

म्हणजे कबुलीच झाली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, होईल सगळं नीट, सुटते ती सवय. त्याने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. मग पुन्हा समुद्राकडे तोंड केलं. त्याची मला दयाही आली आणि रागही.

२४ जानेवारी. संबलपूर

आज थोडक्यात वाचलो. एका बाजाराच्या गावात रत्नपालच्या गाडीचा आरसा एका सायकलवाल्याला लागला. म्हातारा पडला. खरचटण्यावर निभावलं, पण माणसं जमली, आवाज चढले. शेवटी गजेंद्रने त्याच्या मिलच्या मजुरांशी बोलतो तसं हिंदी-छत्तीसगढी मिसळून बोलून सगळ्यांना शांत केलं.

रत्नपाल पांढराफटक. रचनावहिनी त्या म्हाताऱ्याचे पाय धरून रडत होत्या. "माझंच चुकलं बाबा. मले खोकला आला, मी बोलली नाई. माझंच चुकलं."

नवरा धडकवतो आणि ही म्हणते माझं चुकलं. दारुड्यांच्या बायका अशाच पांघरूण घालतात. चंदाला म्हटलं तर ती म्हणाली, "त्यांच्या तोंडाला कधी वास आला का तुम्हाला?" मी म्हटलं, वास न येणारीही मिळते आजकाल. ती म्हणाली, "तुम्हाला बरं माहीत." चंदाशी या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

२५ जानेवारी. रायपूर

रचनावहिनींचा आवाज गेला. साफ. उघड्या गाडीत, वाऱ्यात, दिवसभर ओरडून दुसरं काय होणार. गरम पाणी, हळद, सगळं झालं. नुसती हवा बाहेर येते.

तरी सकाळपासून त्यांचा खेळ चालूच होता. मी आरशातून पाहत होतो. वहिनी त्याच्या हातावर, मांडीवर सारख्या चापट्या मारत होत्या. आधी वाटलं माशी असेल. मग वाटलं भांडण पेटलंय. गाडी नागमोडी जात नव्हती, पण फार हळू चालली होती. मला दादाचे फोनवर फोन. उद्या सव्वीस जानेवारी, गावात झेंडावंदनाची माणसं जमलेलीच असणार, तो त्यांना संध्याकाळी पाळीवर आणणार. बॅनरवर तिन्ही गाड्यांचे फोटो छापलेत.

रत्नपाल जेवताना म्हणाला, "आमी देवरीहून सरळ गोंदियाले जातो. पाळीवर तुमी दोघं जा."

मी ताट बाजूला सारलं. माझ्या गावाने, माझ्या दादाने काय घोडं मारलं? फोटोत तीन गाड्या आहेत. मी बोलू नये ते बोललो, की रेल्वेने तुला उतरवलं म्हणून मी पण उतरवावं का? वहिनींनी तोंडाला पदर लावला. म्हणजे यांना वाटत होतं मला काही कळत नाही.

"बरं," तो म्हणाला. "पण उजेड असतानाच."

२६ जानेवारी, रविवार. अर्जुनी मोरगाव

चहा येईपर्यंत लिहून घेतो. स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलोय. गाव आता हाकेच्या अंतरावर. देवरीला एका ट्रकमुळे खोळंबा झाला, त्यामुळे थोडा उशीर झालाय, पण सूर्य अजून वर आहे. खरं तर फोटोसाठी हीच वेळ. दादाचा फोन आला, वाजंत्री लागलीय.

मी एक युक्ती केली. शेवटचा तुकडा वहिनी माझ्या गाडीत बसतील, काचा बंद, घशाला आराम. आणि चंदा रत्नपालशेजारी. सगळ्यांसमोर कारण घशाचं. चंदाला मात्र बाजूला नेऊन नीट सांगितलं, की डोळे आणि नाक उघडं ठेव. सीटखाली बाटली आहे का बघ. आणि मुख्य म्हणजे तू अजिबात बोलू नकोस. तो हिरवा-पिवळा काही म्हणायला लावेल, म्हणायचं नाही. तू गप्प राहिलीस की त्याला बोलावं लागेल, आणि पिणाऱ्याची जीभ लगेच कळते. चंदा नको म्हणत होती. मी म्हटलं, त्याच्या भल्यासाठीच आहे.

वहिनींनी भलताच हट्ट धरला. पिवळ्या गाडीचं दार धरून उभ्या, मान हलवतायत. मग धावत टेबलापाशी आल्या आणि माझ्या हातातला पेन आणि ही वही ओढू लागल्या, काहीतरी लिहायचं होतं. आता ही वही कशी देणार? पंधरा तारखेपासून सगळं यातच आहे. मी वही काखेत मारली आणि हसून म्हटलं, "वहिनी, भाषण पाळीवर." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जरा वाईटच वाटलं.

रत्नपालच शेवटी म्हणाला, "राहू दे, रचना. थोडंसंच तं आहे. पाळ मी चालून पाहिली आहे." मग चंदाकडे तोंड करून, "वयनी, फक्त तुमी बोलत राहजा. जे दिसते ते सांगजा." चंदाने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनीच नाही म्हटलं.

चहा आला. सूर्य अगदी समोर येणार पाळीवर. फोटो सोन्यासारखा येईल.

२९ जानेवारी. गोंदिया, दवाखाना

लिहायचं नव्हतं. पण रिकामं बसवत नाही.

पाळीच्या तोंडाशी मी थांबलो नाही. वाजंत्री ऐकू येत होती, टोकाला माणसं दिसत होती, मी वेग वाढवला. सूर्य सरळ डोळ्यांत. मी हाताचा आडोसा करून चालवत होतो. शेजारी रचनावहिनी पाठमोऱ्या वळून मागच्या काचेवर हात आपटत होत्या. मग त्यांनी माझा दंड धरला. तोंड उघडत होतं, आवाज नव्हता. मी म्हणत होतो, आलो वहिनी, आलोच. त्यांनी माझ्या अंगावरून हात घालून हॉर्न दाबून धरला. लोकांना वाटलं आनंदाने वाजवतोय, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तुडुमाचं वळण घेऊन मी टोकाला पोचलो. दादाने हार घातला. त्याच्या खांद्यावरून मी पाळ पाहिली. मधे कोणी नव्हतं. वळणाच्या पलीकडे गजेंद्रची पांढरी गाडी आडवी उभी होती आणि तो टोपी नसलेला, पाण्याकडे पाहत ओरडत होता.

तलावात मासे धरणाऱ्या ढिवरांची पोरं पाण्यात उडाली. छत उघडं होतं म्हणून चंदा हाती लागली. हात मोडलाय, पाणी पोटात गेलं होतं, पण आहे. रत्नपालला काढायला फार वेळ लागला. तुडुमाशी आमचा तलाव सगळ्यात खोल आहे. ही गोष्ट मी पाहुण्यांना नेहमी अभिमानाने सांगतो.

काल त्याला निरोप दिला. भंतेजींमागे सगळे त्रिशरण म्हणत होते, मला ओठ हलवता आले नाहीत.

१ फेब्रुवारी

रचनावहिनींचा आवाज परत आलाय. घोगरा आहे. आज मी गेलो तर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"रेल्वेच्या डाक्टरनं दिवाळीलेच उतरवलं त्याईले," त्या म्हणाल्या. "बाजूचं दिसत नव्हतं, भाऊजी. नळीतून पाहिल्यासारखं तेवढं समोरचं दिसे. अंधार पडला का तेवढंही नाई. पुढच्या वर्षी तेही जाईल म्हणे. मंग मनात घेतलं, गाडी एकदा मनासारखी चालवतो, समुद्र पाहून घेतो. मी म्हटलं, मी पुकारतो तुमाले. चाललं बी असतं."

मी हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"तुमाले सांगणार होते घरी आल्यावर. गोवर्धनले वाईट वाटन म्हणे, लहानपणापासून मले पाहूनच तो गाडी शिकला."

मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी वही काऊन नाई देल्ली, भाऊजी?"

वही माझ्या पिशवीत होती. मी काढून दिली. पंधरा तारखेपासून सगळं त्यांनी वाचलं, बोट ओळीवर ठेवून. वाचून झाल्यावर वही मिटली आणि माझ्या हातात परत दिली. अंगणात कापडाखाली ती गाडी होती, चिखल सुकलेला. मी उठून निघालो तेव्हा त्या आत निघून गेल्या होत्या.

४ फेब्रुवारी

चंदाला आज घरी सोडलं. निघायच्या आधी पोलीस जबाब घ्यायला आले होते. चांगला माणूस होता, हळू बोलत होता. गाडी चालवणारा पिऊन होता का, एवढंच त्याला नक्की करायचं होतं. त्याने आधी मला विचारलं.

चंदा म्हणाली, "वास नव्हता."

मग आपणहून सांगू लागली. रत्नपालने वाटभर तिला विचारलं होतं. वयनी, समोर काय आहे? वयनी, सूर्याच्या खाली काय दिसते? लाल गाडी किती पुढे आहे? शेवटी म्हणाला, वयनी, राग आला का माझा, बोला ना जी. "मला बोलायचं होतं," चंदा म्हणाली. "मला वळण दिसत होतं. मला वाटलं, त्यांनाही दिसत असेल." पोलिसाने विचारलं, मग का नाही बोललात? ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सुचलं नाही."

एमजी दादाच्या गोठ्यात आहे, तिथेच राहील. मी दुकानाची व्हॅन आणली होती. चंदा पुढे बसली, मोडका हात मांडीवर. फाटकातून बाहेर पडताना ती एकदम म्हणाली, "डावीकडून रिक्षा."

मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर पाहत होती.

"पिवळा. बाई रस्ता ओलांडतेय. थांबा. पिवळा." सिव्हिल लाइन, उड्डाणपूल, बाजार, ती थांबेना. आवाज फार मोठा नव्हता, पण एकही गोष्ट सोडत नव्हती. कुत्रं, हातगाडी, शाळेची मुलं, खड्डा. मला सगळं दिसत होतं. फुलचूरच्या वळणावर समोर ट्रक होता म्हणून मी थांबलो, ट्रक गेला तरी तसाच उभा राहिलो. मागून हॉर्न वाजू लागले.

"हिरवा," ती म्हणाली.

"हिरवा," मी म्हटलं, आणि गाडी पुढे घेतली.